लिओ वराडकर: ‘आपला माणूस’ यापलीकडे आपल्याला काय माहीत आहे?

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणीतरी अर्धा तास बोलतं. या वेळी पाळी माझी आहे आणि विषय मीच हौसेने सांगून बसलो: लिओ वराडकर. मी मालवण तालुक्यातला. वराड आमच्यापासून फार लांब नाही. जून २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत दुसरा विषय नव्हता.

काल रात्री टिपणं काढायला बसलो आणि पहिलंच पान भरेना. वडील डॉ. अशोक वराडकर, मूळ गाव वराड. आई मिरियम आयरिश, पेशाने नर्स. दोघांची भेट इंग्लंडमध्ये झाली. लिओंचा जन्म डब्लिनचा, १८ जानेवारी १९७९. इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. पुढचं मला काहीच येत नव्हतं. आठ वर्षं ज्याचं नाव अभिमानाने घेतोय त्याच्या कामाबद्दल चार वाक्यं सांगता येऊ नयेत, याची खरंच लाज वाटली.

म्हणून दोन प्रश्न. वडील परदेशातून आलेले, आडनाव तिथल्या लोकांना नवखं, असा मुलगा ३८ व्या वर्षी देशाचा प्रमुख होतो, तर तो तिथवर चढला कसा? आणि ४५ व्या वर्षी खुर्ची आपणहून का सोडली?

माझं मत आधीच सांगतो. नुसतं ‘आपला’ म्हणून टाळ्या वाजवणं त्या माणसावर अन्याय करणारं आहे. तिथे राहणारे, तिथलं राजकारण जवळून बघणारे कुणी असतील तर लिहा.

शेवंती

छान विषय. वाचतेय.

आनंद तळेगाव

मूलभूत प्रश्न विचारतो, रागावू नका. आयर्लंड ब्रिटनचाच भाग ना? मग त्यांना वेगळा पंतप्रधान कसा?

नीता_डब्लिन

@आनंद, रागावण्यासारखं काही नाही, इथे आले तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. बेटाच्या उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनमध्ये आहेत. बाकीचा मोठा भाग १९२२ मध्ये वेगळा झाला आणि १९४९ पासून पूर्ण प्रजासत्ताक आहे. राष्ट्राध्यक्ष वेगळे, पंतप्रधान वेगळे. पंतप्रधानाला ‘टीशख’ म्हणतात, मूळ अर्थ नायक किंवा प्रमुख. उपपंतप्रधान ‘टॉनिश्ता’. संसदेचं खालचं सभागृह ‘डॉल’ आणि तिथला सदस्य ‘टीडी’.

@कर्लीकाठ, मी २००४ पासून ब्लँचर्ड्सटाउनला राहते. वराडकर इथेच वाढले, हाच त्यांचा मतदारसंघ, डब्लिन वेस्ट. त्यांची सुरुवात मात्र पराभवाने झाली. १९९९ मध्ये विशीत असताना ते इथल्या मल्हडार्ट प्रभागातून स्थानिक निवडणुकीला उभे राहिले. मतं किती पडली? ३८०. तेव्हा ते ट्रिनिटी कॉलेजात शिकत होते. आधी कायद्याला प्रवेश घेतला होता, मग मेडिकलला गेले. पक्ष फिन गेल, आणि त्याचे सदस्य ते शाळेत असल्यापासून.

२००३ मध्ये फिंगल काउंटी कौन्सिलमध्ये एक जागा रिकामी झाली. इथे अशा वेळी पोटनिवडणूक होत नाही, त्याच पक्षाचा माणूस घेतात. तसे ते आत गेले. आणि पुढच्याच वर्षी, २००४ ला, कॅसलनॉक प्रभागातून पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं. त्या निवडणुकीत देशभरात इतकी कुणाला मिळाली नव्हती. ३८० वरून ४,८९४, पाच वर्षांत! तुमच्या ‘कसा चढला’ याचं निम्मं उत्तर मला या दोन आकड्यांत दिसतं.

अशी वर्षं कशी जातात ते डोळ्यांनी बघितलंय. इथे सभा, लाउडस्पीकर असलं काही नसतं. उमेदवार आणि त्याचे कार्यकर्ते संध्याकाळी जेवणाच्या सुमारास दार वाजवतात. हातात मतदारयादी, पेन, भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत पत्रकं. पावसात उभं राहून बोलतात. कचऱ्याचा डबा, बसचा थांबा, शाळेची जागा, हेच विषय. आमचं पहिलं वर्ष होतं. मी दार उघडून सांगितलं की आम्ही भारतीय, आम्हाला मत नाही. त्यावर तो कार्यकर्ता म्हणाला, स्थानिक निवडणुकीत तुम्हालाही मत आहे, नाव तेवढं नोंदवा. ते खरं आहे. इथे राहणारा कुठल्याही देशाचा नागरिक कौन्सिलसाठी मत देऊ शकतो. डॉलसाठी मात्र नाही.

परळचा_डॉक्टर

नीताताई, फार छान लिहिलंत. यात एक दुवा जोडतो: वराडकरांनी मेडिकलच्या शेवटी इंटर्नशिपचा काही काळ मुंबईत आमच्या केईएम रुग्णालयात काढला आहे. मी त्याच सुमारास तिथे होतो. भेट झाल्याचं आठवत नाही. बाहेरदेशीची मुलं येत-जात असायची, कोण पुढे काय होणार हे तेव्हा कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. पण त्या अपघात विभागात रात्रपाळी केलेल्या माणसाला गर्दी म्हणजे काय आणि तुटपुंजं मनुष्यबळ म्हणजे काय हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही, एवढं खात्रीने सांगतो. जमिनीवर गादी टाकून सलाईन लावलेला पेशंट ज्याने बघितला तो ते विसरत नाही.

२००३ ला पदवी, मग डब्लिनच्या रुग्णालयांत नोकरी, २०१० मध्ये जनरल प्रॅक्टिशनर म्हणून पात्रता. म्हणजे २००७ मध्ये टीडी झाल्यावरही त्यांनी ते शिक्षण पुरं केलं. मला याचंच जास्त कौतुक वाटतं.

शेवंती

आणि कोविडमध्ये परत डॉक्टर म्हणून नाव नोंदवलं होतं ना? बातमी वाचल्याचं आठवतंय.

परळचा_डॉक्टर

हो. मार्च २०२० मध्ये. ते तेव्हा पंतप्रधान होते आणि आठवड्यातून एक सत्र फोनवरून रुग्णांची प्राथमिक चौकशी करत. काही जणांनी त्याला दिखावा म्हटलं. मी नाही म्हणणार. त्या दिवसांत फोन उचलणारा प्रत्येक माणूस हवा होता.

मोजूनमापून

३८० मतं पडूनही माणूस टिकतो याला तिथली मतदानपद्धतही कारणीभूत आहे. नीतानी ‘पहिल्या पसंतीची मतं’ म्हटलंय, ते जरा उलगडतो.

आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो, तीच पद्धत तिथे सगळीकडे. फरक इतकाच की तिथे एका मतदारसंघातून तीन, चार, पाच जण निवडून येतात. समजा चार जागा आहेत. मग कोटा म्हणजे वैध मतांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा एक मत जास्त. तो गाठला की निवडून आलात. कोट्यावरची मतं पुढच्या पसंतीला जातात. तळाचा उमेदवार बाद होतो, त्याचीही मतं पुढे सरकतात. असे फेऱ्यावर फेरे.

यात एक खुबी आहे. विरोधी पक्षाच्या मतदाराची तिसरी-चौथी पसंतीसुद्धा तुम्हाला लागते. त्यामुळे त्याच्याही दारात जावं लागतं, आणि गोड बोलून यावं लागतं.

आनंद तळेगाव

पदवीधरचं उदाहरण दिल्यामुळे लगेच कळलं. माझं मत मागच्या वेळी बाद झालं होतं, मी १ च्या जागी बरोबरची खूण केली होती. :)

खिडकीजवळ

सगळे हार घालताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी आयर्लंडमध्येच लिमरिकला सहा वर्षं होते, आता पुण्यात. मला वराडकरांबद्दल जिव्हाळा वाटावा असं त्या सहा वर्षांत काही घडलं नाही.

२०१७ मध्ये समाजकल्याण खात्याचे मंत्री असताना त्यांनी भत्त्यांत फसवणूक करणाऱ्यांविरुद्ध जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. बसवर, भिंतीवर, सगळीकडे. गरीब माणूस भत्ता घेतो म्हणजे चोर, असा संदेश त्यातून जातो, अशी टीका झाली आणि मला ती पटते. पक्षनेतेपदाच्या प्रचारात म्हणाले, मी सकाळी लवकर उठणाऱ्या लोकांचं प्रतिनिधित्व करणार. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या नर्सचं काय? आजारी आईला सांभाळत घरात अडकलेल्या मुलीचं काय?

आणि घरं! २०१९ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली, त्यात मुलंही होती. मी एका खोलीसाठी रांगेत उभी राहिले आहे. दाराबाहेर माझ्यापुढे तीसेक जण, प्रत्येकाच्या हातात पगाराच्या पावत्या आणि जुन्या घरमालकाचं पत्र. माझा नंबर लागेपर्यंत खोली गेलेली असायची. असं चार महिने. आडनाव वराडकर असलं म्हणून मी हे विसरू?

कर्लीकाठ

@खिडकीजवळ, मनापासून धन्यवाद. हेच मला हवं होतं. हे मी वाचनालयात सांगणार.

नीता_डब्लिन

@खिडकीजवळ, घरांबद्दल पूर्ण सहमत. माझी मुलगी कमावती होऊनही आमच्याच घरी राहते, तिच्या वयाची निम्मी मुलं तशीच. फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत लोकांनी याचंच उत्तर दिलं. फिन गेल ३५ जागांवर येऊन तिसऱ्या क्रमांकावर गेला. फिआना फॉल ३८, शिन फेन ३७. खुद्द आमच्या मतदारसंघात शिन फेनचा उमेदवार पहिल्या फेरीत निवडून आला आणि देशाच्या पंतप्रधानाला पाचव्या फेरीपर्यंत थांबावं लागलं.

मोजणी हातानेच होते. मोजणीच्या टेबलांसमोर कठडा असतो आणि पक्षांचे लोक कठड्याला टेकून, उलगडणारी प्रत्येक मतपत्रिका बघून कागदावर रेघा ओढत असतात. अधिकृत आकडा यायच्या आधीच त्यांना निकाल कळलेला असतो. त्या दिवशी टीव्हीवर ते कठड्यापाशी उभे राहिलेले चेहरे बघूनच आम्हाला कळलं होतं.

मोजूनमापून

पक्षनेतेपदाच्या निवडणुकीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. कारण ते पंतप्रधान झाले ते त्या निवडणुकीमुळे, सार्वत्रिक निवडणूक जिंकून नव्हे.

मे २०१७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एन्डा केनी यांनी पक्षाचं नेतृत्व सोडलं. रिंगणात दोघे, वराडकर आणि सायमन कोव्हनी. फिन गेलमध्ये मतांना वजन असतं: खासदारांच्या गटाला ६५ टक्के, साध्या सदस्यांना २५, स्थानिक प्रतिनिधींना १०. २ जूनला निकाल लागला. खासदारांच्या ७३ मतांपैकी ५१ वराडकरांना. कौन्सिलर मंडळींत १२३ विरुद्ध १००. आणि साध्या सदस्यांत? कोव्हनींना सात हजारांवर मतं, वराडकरांना ३,७७२. म्हणजे पक्षाच्या सामान्य कार्यकर्त्याने जवळजवळ दोनास एक या प्रमाणात त्यांना नाकारलं होतं. एकूण वजनात मात्र ते ६०-४० ने जिंकले.

१४ जूनला डॉलमध्ये मतदान झालं: बाजूने ५७, विरोधात ५०, तटस्थ ४७. १५८ च्या सभागृहात ५७ मतांवर पंतप्रधान! फिआना फॉलने तटस्थ राहून अल्पमतातलं सरकार चालू देण्याचा करार केला होता, म्हणून ते शक्य झालं.

आनंद तळेगाव

म्हणजे लोकांचा नेता नव्हेच, आमदार-खासदारांचा नेता.

नीता_डब्लिन

इतकं सरळ नाही हो. जे ५१ जण त्यांच्यामागे गेले ते काही प्रेमाने गेले नव्हते, आपली जागा कोण वाचवेल हे बघून गेले. स्पष्ट बोलणारा म्हणून त्यांचं नाव झालं होतं. २०१४ ची गोष्ट सांगते. पोलीसखात्यातला गैरकारभार दोन पोलिसांनी उघड केला होता. पोलीस आयुक्तांनी त्यांच्याबद्दल ‘किळसवाणं’ असा शब्द वापरला. वराडकर तेव्हा वाहतूक मंत्री. सरकार गप्प, आणि हे जाहीरपणे म्हणाले की त्या दोघांसाठी ‘आदरणीय’ हा शब्द जास्त योग्य झाला असता. थोड्याच दिवसांत आयुक्तांनी पद सोडलं. मंत्रिमंडळात राहून असं बोलायला धाडस लागतं. केनींविरुद्ध २०१० मध्ये पक्षांतर्गत बंड झालं तेव्हाही ते बंडवाल्यांच्या बाजूने होते. तरी केनींनी २०११ मध्ये त्यांना मंत्री केलं, हे केनींचंही मोठेपण.

निनावी_सांगली

या साइटवर बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा लिहितोय.

१८ जानेवारी २०१५, त्यांचा ३६ वा वाढदिवस. आरोग्यमंत्री होते. आयर्लंडच्या सरकारी रेडिओवर मुलाखत सुरू असताना त्यांनी सांगितलं की मी समलिंगी आहे. मी ती मुलाखत नंतर ऐकली, कानात इअरफोन घालून, गच्चीवर जाऊन. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, घरी स्थळं बघण्याची बोलणी चालू होती. आपल्याकडे ३७७ कलमावरचा निकाल यायला अजून साडेतीन वर्षं होती.

आयर्लंडमध्येही समलिंगी संबंध हा १९९३ पर्यंत गुन्हाच होता. म्हणजे वराडकर चौदा वर्षांचे होईपर्यंत. त्या वयात आपण कायद्याने गुन्हेगार आहोत असं वाटणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

त्या मुलाखतीत ते जे म्हणाले त्याचा मथितार्थ असा: मी अर्धा भारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही, समलिंगी राजकारणीही नाही, हे सगळं मी जो आहे त्याचा एक भाग आहे, इतकंच. त्याच वर्षी मे महिन्यात तिथे समलिंगी विवाहासाठी सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोकांनी होकार दिला. जनमताने असा हक्क देणारा तो जगातला पहिला देश.

मला ‘वराडकर’ या आडनावाने फरक पडला. ‘स्मिथ’ किंवा ‘मर्फी’ असता तर मी म्हटलं असतं, त्यांच्याकडे चालतं. पण हे आडनाव माझ्या शाळेतल्या हजेरीत होतं. घरी मी त्यानंतर दोन वर्षांनी सांगितलं. आईने जेवणाचं ताट पुढे केलं आणि म्हणाली, आधी जेव. बाबा महिनाभर बोलले नाहीत. मग बोलले.

शेवंती

@निनावी_सांगली, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. आईंना नमस्कार सांगा.

परळचा_डॉक्टर

+१. लिहीत राहा.

कर्लीकाठ

@निनावी_सांगली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धाग्याच्या सुरुवातीला मी ‘आपला म्हणून टाळ्या’ यावर जरा जोरात बोललो. आडनावाचा असा आधार कुणाला होत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते वाक्य मागे घेतो.

बेळगावची_सून

वराडकरांच्या कारकिर्दीचा विषय निघाला की माझ्या मनात आधी सविता हलप्पनवार येते. आमच्या बेळगावची. दातांची डॉक्टर, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात होऊ घातला होता, मूल वाचणार नाही हे स्पष्ट होतं. तिने सुटका मागितली, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. रक्तात जंतुसंसर्ग पसरून ती गेली. इथे बातमी आली तेव्हा आम्ही बायका देवळात जमलो होतो, कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. शिकलेली, स्वतः वैद्यकीय क्षेत्रातली, श्रीमंत देशातल्या रुग्णालयात, आणि तरी?

कारण होतं त्यांच्या राज्यघटनेतली आठवी दुरुस्ती, १९८३ ची. आईचा आणि गर्भाचा जगण्याचा हक्क समान. ती काढण्यासाठी २५ मे २०१८ ला सार्वमत घेतलं ते वराडकर सरकारने. ६६.४ टक्के लोक हो म्हणाले. त्या दिवसांत डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र होतं आणि लोक त्याभोवती चिठ्ठ्या चिकटवून जात होते. कितीतरी चिठ्ठ्यांवर तिची माफी मागितलेली.

वराडकर स्वतः आधी या प्रश्नावर जपून बोलायचे, विरोधाकडे झुकणारे होते. आरोग्यमंत्री झाल्यावर मत बदललं आणि तसं उघड म्हणाले. घरांच्या बाबतीत ते कमी पडले असतील. पण हे त्यांच्या खात्यावर जमा धराच.

खिडकीजवळ

धरलं. मी त्या चळवळीतल्या मैत्रिणींबरोबर पत्रकं वाटली आहेत. पण श्रेय आधी त्या बायकांचं, ज्या १९८३ पासून लढत होत्या. सरकार शेवटी आलं.

बेळगावची_सून

हे अगदी मान्य.

फोंडेकर

मंडळी, अवांतर होईल, पण कोकण किनाऱ्याचा मान राखण्यासाठी लिहितोच. आमचे आंतोनियो कोस्ता! वडील ओर्लांदो द कोस्ता लेखक, बालपण मडगावात गेलं. मडगावात त्यांचं वडिलोपार्जित घर आजही आहे. घरचं लाडकं नाव ‘बाबुश’, कोकणीत लहान मुलग्याला म्हणतात तसं. लिस्बनचे महापौर, मग नोव्हेंबर २०१५ ते एप्रिल २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान. आता डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष.

गंमत बघा. २०१७ ते २०२० या काळात युरोपीय परिषदेच्या एकाच टेबलाशी दोन देशांचे प्रमुख बसत होते, एकाचं मूळ वराडचं आणि दुसऱ्याचं मडगावचं. वराडहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला मडगावात पोचता येतं, इतकंच अंतर.

आणि कोस्ताही २०१५ मध्ये निवडणूक जिंकले नव्हते. त्यांचा पक्ष दुसरा आला होता. डाव्या पक्षांचा पाठिंबा घेऊन सरकार बनवलं. म्हणजे @आनंद, संसदीय पद्धतीत हे असंच असतं.

तिठ्यार

मी वराडच्या बाजूचोच. २९ डिसेंबर २०१९ क ते गावात इल्ले, तेव्हा मी थय होतंय. आवस-बापूस, भयणी, सगळा कुटुंब घेवन इल्ले. रस्त्यार ही गर्दी! माका लांबसून दिसले तेवढेच. आमची आजी म्हणा होती, मालवणीत बोलतले मां? मी म्हटलंय, आजये, जन्म थयसर झालो, कसे बोलतले? तर ती म्हणता, ‘बोलूक नाय येवंदे, पण घर बघूक इलो ना? पुरे.’

शेवंती

आजी! ❤

फोंडेकर

आजयेक नमस्कार.

मोजूनमापून

ब्रेक्झिटवर कुणीच लिहिलं नाही? परदेशात त्यांचं नाव झालं ते त्यामुळेच. थोडक्यात लिहितो. उत्तर आणि दक्षिण आयर्लंडमधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर तिथल्या सैनिकी चौक्या गेल्या. आता रस्त्यावर नुसत्या पाट्या बदलतात, मैलांच्या जागी किलोमीटर येतात, एवढीच खूण. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तर तिथे पुन्हा जकात नाके येणार होते. वराडकरांनी लावून धरलं की काहीही करा, पण ती सीमा परत उभी राहता कामा नये. १० ऑक्टोबर २०१९ ला इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ बोरिस जॉन्सन आणि ते भेटले, आणि तिथून तडजोडीची वाट निघाली. तपासणी शेवटी समुद्रावर गेली, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि ब्रिटन यांच्या मधे. उत्तरेतले ब्रिटनवादी यावर आजही नाराज आहेत. पण नाके आले नाहीत.

कर्लीकाठ

दुसरा प्रश्न राहिलाच. सोडलं का? आजार, घोटाळा, काही होतं का? आणि सर्वांत तरुण टीशख हे तरी खरं ना?

नीता_डब्लिन

सर्वांत तरुण हे त्या वेळी खरं होतं. त्यांच्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये सायमन हॅरिस आले ते ३७ वर्षांचे. तेव्हा भाषणात ‘त्या वेळेपर्यंतचे’ असं म्हणा.

२०२० च्या निकालानंतर फिन गेल आणि फिआना फॉल पहिल्यांदा एकत्र आले. हे दोन पक्ष १९२२-२३ च्या यादवीतून जन्मलेले, शंभर वर्षांचं वैर. जोडीला ग्रीन पक्ष. पंतप्रधानपद आळीपाळीने घ्यायचा करार झाला: आधी फिआना फॉलचे मिहॉल मार्टिन, मग १७ डिसेंबर २०२२ पासून पुन्हा वराडकर. मधल्या काळात ते टॉनिश्ता. त्याच दरम्यान एक प्रकरण झालं. २०१९ मध्ये डॉक्टरांबरोबरच्या सरकारी कराराचा मसुदा त्यांनी एका परिचित डॉक्टरला दिला होता, ते उघडकीला आलं. पोलीस चौकशी झाली. जुलै २०२२ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. त्यांनी चूक कबूल केली होती, पण डाग लागला तो लागलाच.

८ मार्च २०२४ ला घटनेतल्या कुटुंबाच्या व्याख्येवर आणि घरातल्या देखभालीवर दोन सार्वमतं घेतली. दोन्ही सपशेल हरली. दुसऱ्यात तर जवळजवळ ७४ टक्के ‘नाही’. बारा दिवसांनी, २० मार्चला, ते सरकारी इमारतीच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि म्हणाले की मी जातोय. कारणं वैयक्तिक आणि राजकीय, पण मुख्यतः राजकीय. या कामासाठी आता मी सर्वांत योग्य माणूस राहिलो नाही, असं म्हणाले. आवाज भरून आला होता. मी हाफिसात होते, शेजारच्या टेबलावरची आयरिश मुलगी त्यांना कधीच मत देत नसे, तीही फोनमधून मान वर करेना.

खरं कारण एवढंच होतं असं मानणारे आहेत, न मानणारेही आहेत. मला ते खरं वाटलं. स्थानिक निवडणुका अडीच महिन्यांवर होत्या, पक्षाचे कितीतरी टीडी पुन्हा उभं राहायचं नाही म्हणत होते, आणि आपल्यामुळे माणसं हरणार हे ज्याला दिसतं त्याने काय करावं?

खिडकीजवळ

यावर मात्र मी त्यांना सलाम करते. अशी वेळ ओळखणारे फार कमी.

आनंद तळेगाव

कर्लीकाठ, अर्ध्या तासात हे सगळं बसवणार कसं?

कर्लीकाठ

सगळं नाही बसणार. ३८० मतांपासून सुरुवात करणार, हे नक्की केलंय. मग दारोदार फिरणं, पसंतीक्रम, २०१५ आणि २०१८ ची दोन सार्वमतं. खोलीसाठीची रांगही सांगणार. सांगलीच्या मित्राची परवानगी असेल तर नाव-गाव न सांगता त्यांची गच्चीही.

निनावी_सांगली

परवानगी आहे. ताटाचंही सांगा.

नीता_डब्लिन

कर्लीकाठ, एक शेवटचं. नागरिकत्व मिळाल्यापासून डॉलसाठीही मत देते. इथे मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णक्रमाने असतात, शेजारी फोटो. वराडकरांचं नाव ‘व्ही’मुळे कायम खालच्या बाजूला. दोन निवडणुका मी तो लांब कागद उघडला की आधी तळाशी बघायची. दरवेळी त्यांना १ दिला असं नाही, एकदा ३ दिलाय.

२९ नोव्हेंबर २०२४ ला ते उभे नव्हते. शाळेच्या हॉलमध्ये मतदान होतं, दोरीने बांधलेली पेन्सिल हातात घेतली आणि सवयीने नजर खाली गेली. मग वरून वाचायला सुरुवात केली.